कुरण, वळू आणि डांगी गाय : या चुका टाळा

‘देशी गाय पाळायची’ एवढं ठरलं की बरेच जण थेट गीर आणायला निघतात. पहिली चूक इथेच होते. गीर ही सौराष्ट्राची, कोरड्या हवेतली गाय. अकोले-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर जुलैत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, तिथे डांगीच टिकते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक, भातखाचराच्या चिखलात दिवसभर राहूनही लवकर खराब होत नाहीत. दूध कमी देते, हे खरं आहे आणि ते कुणापासून लपवू नये. पण हिशेब करताना नुसते लिटर मोजू नका; औषधपाणी आणि विकतचा चारा वजा करून काय उरतं ते बघा. नांदेडला लाल कंधारी, वर्ध्याला गवळाऊ, माणदेशात खिल्लार, कोकणात कपिला, असं ज्या त्या मातीचं जनावर आपल्याकडे आहेच.

रंगावरून जनावर काढून टाकणं ही दुसरी चूक. लातूर-उदगीरकडच्या देवणी जातीच्या गाईंत वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे तीन रंगप्रकार आहेत. बाजारात एकाच रंगाला भाव मिळतो म्हणून बाकीच्या कालवडी विकल्या, तर जातीतली विविधता आपणच आपल्या हातानं संपवतो.

आता वळू. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते दिसायला काही वर्षं जातात. गावात चांगला वळू असतो, सगळे त्यालाच गाय दाखवतात. तीनेक वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि वळू अजून गावातच असतो. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकराचं, प्रमाण २५ टक्के होतं, सावत्र भावंडांच्या संकरात १२.५ टक्के. मग वासरं अशक्त निपजतात, गाई उलटायला लागतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. (गाय उलटली की लगेच वळूला दोष देऊ नका. आधी खनिज मिश्रण आणि गाय भरवण्याची, म्हणजे वळू दाखवण्याची किंवा रेतनाची, वेळ तपासा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी.) उपाय साधा आहे: कालवडी वयात यायच्या आत शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करा. कृत्रिम रेतन करत असाल तर रेताच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. कांडी फेकण्याआधी तो गाईच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासोबत वहीत उतरवा. ही वही नसेल तर पुढच्या संशोधनाला काही आधारच राहत नाही.

कुरणात लोक गुरं मोजतात, दिवस मोजत नाहीत. गुरं एकाच जागी राहिली की गोड गवताचा नवा फुटवा पुन्हा पुन्हा खातात, मुळांतला साठा संपतो आणि पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं मागे पडतात. कुसळी गवत आणि टाकळ्याचं तण वाढलेलं दिसलं की चराई जास्त झाली असं समजा. कुरणाचे भाग पाडा, गवत पूर्ण सावरल्याशिवाय त्या भागात परत जाऊ नका. दरवर्षी एक भाग बी धरेपर्यंत बंद ठेवा.

ऑगस्टमध्ये एक-दोन दिवसांचा शेणाचा पो काठीनं उलटून बघा. खाली भोकं आणि काळे शेणकिडे दिसले तर शेण मातीत जातंय. पो तसाच सुकून पापुद्रा धरत असेल तर जंतनाशक कधी दिलं ते आठवा. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. शेणाची तपासणी करून गरज असेल त्याच जनावराला औषध द्या.

चराई बदलून मातीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत साठणारा कार्बन) वाढल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सुरुवातीचा नमुनाच घेतलेला नसतो. चराईची पद्धत बदलण्याआधी ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतचा नमुना घ्या, सोबत मातीची घनताही मोजा. पुढचे नमुने त्याच महिन्यात, त्याच जागी खूण म्हणून ठोकलेल्या खुंटीजवळ. आणि शेजारचा एक तुकडा जुन्या पद्धतीनंच चरू द्या, तुलना करायला.