चांदण्यांच्या रेघा नको असतील तर शटर किती ठेवायचं

नवीन कॅमेरा घेतलेला माणूस हमखास विचारतो, शटर २० सेकंद उघडं ठेवू का ३०? मी उलट विचारतो की लेन्स कुठली, बॉडी कुठली आणि कॅमेरा आकाशात कुठे वळवणारेस, कारण त्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे हवेत गोळीबार.

बहुतेक जण ५०० चा रूल सांगतात, ५०० भागिले फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर फोकल लेन्थला आधी १.५ ने गुणायचं (कॅननच्या क्रॉपला १.६). कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८ मिमीला ठेवली तर साधारण १८ सेकंद येतात. मोबाईलवर फोटो भारी दिसतो पण लॅपटॉपवर १०० टक्के झूम केलं की प्रत्येक चांदणी तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, कारण हा रूल पिक्सेलचा आकार बघतच नाही.

म्हणून मी एनपीएफ नावाचा रूल वापरतो, फ्रान्सच्या फ्रेडरिक मिशो यांचा. ३५ गुणिले एफ नंबर (लेन्सचं अ‍ॅपर्चर म्हणजे छिद्र किती उघडं आहे त्याचा आकडा), अधिक ३० गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, आणि बेरजेला खऱ्या फोकल लेन्थने भागायचं, इथे क्रॉप परत लावायचा नाही. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे १८ मिमी, एफ ३.५ ला १३ सेकंद. १८ सेकंदांपेक्षा प्रकाश पाऊण स्टॉपही कमी होत नाही (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे संवेदनशीलतेची सेटिंग, वाढवा की.

आता दिशेचं. मृगातल्या तीन चांदण्या जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहेत, तिथे तारे सगळ्यात जोरात सरकतात, सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). याच बॉडीला ५० मिमी लावली तर सेकंदाला जवळपास एक पिक्सेल झाला! सप्तर्षींकडे वेग साधारण निम्मा होतो, ध्रुवाजवळ तर अगदीच कमी. आकाशगंगेचा धनु-वृश्चिककडचा भाग घेणार असाल तर मात्र फारशी सूट मिळत नाही.

आणि चांदणी बिघडली म्हणून लगेच शटरला दोष देऊ नका. सगळ्या एकाच दिशेला लांबट असतील तरच शटर, गोल फुगलेल्या असतील तर फोकस, वाकड्यातिकड्या असतील तर ट्रायपॉड हललाय, दोन सेकंदांचा टायमर लावा. फक्त कोपऱ्यात पंख फुटल्यासारख्या दिसत असतील तर लेन्सचा कोमा नावाचा दोष, अ‍ॅपर्चर थोडं बंद करून बघा.

नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) फार वाटला तर शटर वाढवू नका, तेच १३ सेकंदांचे पंधरा-वीस फोटो सलग काढा आणि सिक्वेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जुळवून एकच फोटो करा, विंडोजवर फुकट आहे.