गट फुटतो तेव्हा आधी अध्यक्षाने स्वतःकडे पाहावं: या चुका टाळा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-पिंपळनेर पट्ट्यात शेतकरी गट, बचत गट, शेतकऱ्यांच्याच मालकीच्या उत्पादक कंपन्या पुष्कळ उभ्या राहिल्या. नोंदणीच्या दिवशी पेढे वाटले जातात, फलक लागतो. दोन हंगाम गेले की बैठकीला सहाच डोकी दिसतात आणि अध्यक्ष म्हणतो, "आपल्या लोकांना एकी नकोच आहे." आमच्या अठरा जणांच्या गटाचा अध्यक्ष असताना मीही हेच बोललो होतो. ते खरं नव्हतं. माणसं तीच होती, माझी रीत चुकत होती.

'बघू त्या वेळी' ही सगळ्यात महागात पडणारी चूक

गटाने मक्यासाठी मळणी यंत्र घेतलं. ते कोणाच्या खळ्यावर कधी जाईल हे लिहून ठेवायचं मला सुचलंच नाही. आपलीच माणसं आहेत, बघू त्या वेळी. ऑक्टोबरात सगळ्यांची कणसं एकाच आठवड्यात खळ्यावर आली आणि आभाळ भरून आलं. यंत्र माझ्या चुलतभावाकडे होतं. तिथून ते माझ्या खळ्यावर आलं, कारण वावर लागून आहे, डिझेल वाचेल. खरं तर आमच्या आधी पाड्यावरच्या एका सभासदाने सांगून ठेवलं होतं. रात्री पाऊस झाला. सकाळी मी गेलो तेव्हा तो ताडपत्री उचलून कणसं वरखाली करत होता. खालचा थर ओलाचिंब, हात घातला तर कोमट लागत होता. पुढे त्या कणसांना कोंब फुटले. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आप्पा, मनी (माझी) पाळी व्हती ना?"

त्यानंतर तो वर्गणी देत राहिला, पण बैठकीत तोंड उघडेना. मी मुद्दाम केलं नव्हतं, हे मी चार जणांना सांगत फिरलो. त्याचा काही उपयोग झाला नाही. माझ्या मनातलं कोणाला दिसणार? यंत्र कोणाच्या खळ्यावर उभं होतं, ते साऱ्या गावाला दिसलं होतं.

याचं उत्तर आमच्याच पांझरेच्या काठी शतकानुशतकं चालत आलेल्या फड पद्धतीत होतं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर कोणत्या फडाला द्यायचं आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे शेतकरी मिळून पीक उभं राहण्याच्या आधीच ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाटकरी पाण्याचा मालक नसतो, ठरलेली पाळी पाळणारा असतो. मला अध्यक्षाचं काम कळलं ते या पाटकऱ्यावरून. पाणी सुटल्यावर नियम करायला बसलं, की नियम धाकट्याला आणि पाणी थोरल्याला.

म्हणून आता आम्ही पेरणीच्या वेळेसच बसतो. चिठ्ठ्या टाकतो, लहान मुलाकडून उचलतो, क्रम वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. पावसाचा इशारा आला तर ज्याच्याकडे पत्र्याचं शेड नाही त्याचा नंबर पुढे येईल, हेही आधीच लिहिलेलं असतं. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, तेही. अध्यक्षाची चिठ्ठी टाकतच नाही, तो शेवटी. यावर वाद घालणारे मित्र भेटतात, "तुझं पीक काय फुकट आहे का?" म्हणतात. पण माझ्या मते एवढं सोसायची तयारी नसेल, तर पद घेऊ नये.

अंगठ्याला होकार समजू नका

व्हॉट्सअॅपवर "सर्वांना मान्य आहे ना?" विचारलं, सात अंगठे आले, विषय मंजूर. पुढे पैसे भरायची वेळ आली की तीनच जण पुढे येतात. लोक बदलले असं आपल्याला वाटतं, पण ते कधी तयारच नव्हते. आपल्याकडे आप्पा-नानांच्या तोंडावर 'नाही' म्हणणं अवघड जातं. म्हणून बैठकीत मोठ्यांनी शेवटी बोलायचं आणि सुरुवात सगळ्यात तरुण सभासदापासून करायची. बायका असतील तर त्यांना कोपऱ्यात बसवून "ताई, तुमचं काय?" असं शेवटी विचारू नका. बचत गटाचा हिशोब त्या आपल्याहून काटेकोर ठेवतात.

सगळं एकट्याच्या खिशात

पासबुक, शिक्का, ओटीपी येणारा मोबाईल, व्यापाऱ्याचा नंबर, सगळं अध्यक्षाकडे. तो लग्नाला सुरतला गेला की गट बंद. उत्पादक कंपनीला कायद्यानेच किमान ५ संचालक लागतात आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. हे नुसतं कागदावर ठेवू नका. मक्याचा ओलावा मोजायला, व्यापाऱ्याशी बोलायला दर खेपेला वेगळा माणूस न्या. त्याच्याकडून पहिल्यांदा भावात पाच-दहा रुपये कमी-जास्त होतील, होऊ द्या.

हिशोबाबद्दल फार सांगायला नको: महिन्याच्या महिन्याला, मोठ्याने वाचून. थकबाकीदाराला मात्र चारचौघांत बोलू नका. घरी जा, चहा घ्या, मग विचारा.

नियम सगळ्यांना, पण भाऊबंद सोडून

पिंपळनेरजवळच्या बारीपाड्याने १९९०च्या दशकापासून शेकडो हेक्टर जंगल राखलं. त्या कामातले चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे झाड तोडलं तर दंड, असं गावानेच ठरवलं. असा दंड टिकतो तो पुढाऱ्याच्या घरातल्यालाही लागला तरच. एकदा जरी भाच्याला सोडलं, तरी दुसऱ्याकडे पावती घेऊन कोणत्या तोंडाने जाणार?

गट आधीच विस्कटला असेल तर

नव्याने बैठक बोलावू नका, कोणी येणार नाही. यायचे बंद झालेल्यांच्या घरी एकेक करून जा. स्पष्टीकरण देऊ नका, ऐका. मग पहिल्या बैठकीत आपली चूक नावानिशी सांगा, 'काही गैरसमज झाले असतील' असं गुळमुळीत नको. मला यात दोन महिने गेले. पाड्यावरच्या त्या सभासदाकडे तर तीनदा जावं लागलं; पहिल्या दोन खेपेला तो शेतात आहे असंच सांगितलं गेलं.

पुढच्या हंगामात त्याची चिठ्ठी तिसरी निघाली. यंत्र त्याच्या खळ्यावर वेळेवर पोचलं आणि मका कोरडाच पोत्यात गेला. हिशोबाच्या बैठकीत त्याने पहिल्यांदा हात वर केला आणि मी लावलेला डिझेलचा ताशी खर्च जास्त आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. आम्ही वही काढली, तास मोजले. त्याचा आकडा बरोबर होता, तोच लिहिला.