आम्लपित्ताचा जुना त्रास: आधी रात्रीचे जेवण आणि अंथरूण सुधारावे

आपल्याकडे 'पित्त' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठले', उन्हातून आल्यावर डोके ठणकून मळमळू लागले की 'पित्त झाले', आणि जेवणानंतर छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ होऊन आंबट-कडू पाणी घशाशी आले तरी तेही 'पित्तच'. पहिला प्रकार बहुधा ॲलर्जीचा असतो, दुसरा पुष्कळदा अर्धशिशीचा निघतो. या लेखात केवळ तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. तो त्रास आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा होत असेल, तर त्याला जुनाट समजून पद्धतशीरपणे हाताळावे.

अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरताना ती उघडते आणि लगेच मिटते. पोट तुडुंब भरले, पोटावर बाहेरून दाब आला किंवा काही पदार्थांमुळे ती कडी अवेळी सैल पडली, म्हणजे जठरातील आम्ल वर चढते. जठराला आतून श्लेष्माचे संरक्षक अस्तर असते. अन्ननलिकेला तसे अस्तर नसल्याने तेच आम्ल तेथे भाजल्यासारखे झोंबते. याचा अर्थ असा, की बहुतेकांच्या बाबतीत आम्ल फार झालेले नसते, ते नको त्या जागी आलेले असते. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली तर उपायांचा क्रमही बदलतो. आपण सुरुवात बडीशेप, जिरे आणि काढ्यापासून करतो व जेवणाच्या वेळेला हात लावत नाही. मी मात्र घरगुती औषधे मुद्दाम शेवटी ठेवली आहेत.

घरी उपाय करण्याआधी

गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी झाल्याचे तपासणीत आढळणे किंवा पन्नाशीनंतर हा त्रास प्रथमच सुरू होणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना मिरज जवळ आहे आणि सातारा-कराडकडेही दुर्बिणीतून जठर तपासण्याची सोय आहे. छातीत दाटून येऊन कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, तर ते 'गॅस' समजून सोडा पीत बसण्याऐवजी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयविकाराचा झटका आणि आम्लाची जळजळ यांत घरच्या घरी फरक करणे अनुभवी माणसालाही जमत नाही, विशेषतः रुग्ण मधुमेही असेल तर.

रात्र सुधारणे

सर्वांत जास्त गुण येतो तो येथे, आणि खर्चही जवळजवळ नसतो. रात्रीचे शेवटचे खाणे आणि पाठ टेकणे यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, कारण उभे किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षण जे काम फुकट करते ते आडवे होताच थांबते. हा सल्ला सोपा वाटतो. पाळणे मात्र आपल्या भागात अवघड आहे. सांगलीच्या बाजारपेठेतला दुकानदार नऊला कुलूप लावून घरी येतो, साडेनऊला जेवतो आणि साडेदहाला झोपतो. शेतीपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळत असल्याने उसाला पाणी पाजणारा शेतकरी रात्रपाळीच्या आठवड्यात अकराला भाकरी खाऊन दोन तास डोळा लागावा म्हणून लगेच आडवा होतो. अशांनी जेवणाची वेळ बदलण्यापेक्षा जेवणाची वाटणी बदलावी. मुख्य जेवण दुपारी घ्यावे. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास डब्यातील एक भाकरी आणि भाजी किंवा वरण खाऊन घ्यावे. घरी परतल्यावर मऊ भात, मुगाची खिचडी किंवा भाताची पेज वाटीभरच घ्यावी. मी स्वतः अनेक वर्षे रात्री दहाच्या जेवणावर पाणी सोडायला तयार नव्हतो आणि दर महिन्याला गोळ्यांची नवी पट्टी आणत होतो. संध्याकाळचा डबा सुरू केल्यावर पहाटे खोकत उठणे थांबले, त्यामुळे या उपायाबद्दल माझे मत थोडे पक्षपाती आहे, हे मान्य करतो.

अंथरुणाची डोक्याकडील बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा द्याव्यात व पलंग हलत नाही ना, हे नीट पाहावे. खोक्याचा दिवाण असेल तर गादीखाली उताराची फळी घालता येते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी घडी घातलेली सतरंजी किंवा जुनी गादी कमरेपासून डोक्यापर्यंत उतरती रचावी. केवळ दोन-तीन उशा डोक्याखाली घेऊ नयेत. त्याने मान वाकते, शरीर पोटात दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

झोपावे डाव्या कुशीवर. जठर शरीरात डावीकडे असल्याने या स्थितीत अन्ननलिकेचे तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर ते खाली येते. आपल्या वामकुक्षीत कूस अचूक सांगितली आहे, परंतु जेवून उठताच ती घेणे आम्लपित्ताच्या रुग्णाला मानवत नाही. दुपारी टेकायचेच असेल तर खुर्चीत मागे रेलून बसावे. रात्री मात्र आधी सावकाश शतपावली करावी. जेवणानंतर लगेच खाली वाकून फरशी पुसणे, जड पोते उचलणे किंवा कपालभाती करणे टाळावे.

पोटावरचा दाब आणि ताटातले प्रमाण

कमरेचा घट्ट पट्टा आणि परकराची करकचून बांधलेली नाडी पोट दाबत असते, म्हणून निदान जेवताना आणि नंतर दोन तास ती सैल सोडावी. पोटाचा घेर वाढलेला असेल तर काही किलो वजन कमी झाल्यानेही फरक पडतो. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव केल्यास श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, बळकट होते, आणि हे श्वासपटल त्या कडीला बाहेरून आधार देत असते. जेवणात दोन घास कमी खाणे आणि तांब्याभर पाणी जेवतानाच न पिणे, एवढे जमले तरी पुरे.

कोणते पदार्थ सोडावेत

मला येथे सरसकट याद्या आवडत नाहीत. टोमॅटो, लिंबू, वांगे, तूरडाळ, शेंगदाणे, मिरची, दही असे सगळे एका दिवसात बंद करणारा माणूस आठवड्याभरात कंटाळून मिसळीच्या गाड्यावर जाऊन उभा राहतो. त्याऐवजी दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि जळजळ केव्हा झाली. त्यातून ज्यांच्यावर संशय येईल ते पदार्थ एका वेळी एक असे पंधरा दिवस थांबवावेत.

संशयितांची ओळख मात्र असावी. तेलकट-तुपकट पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात, त्यामुळे रश्श्यावरचा कट हा मिरचीपेक्षाही मोठा आरोपी असू शकतो. रस्सा जरा निवला की वरचे तेल पळीने काढून टाकावे. कांदा-लसूण मसाला वर्षाचा एकदाच होत असल्याने तो उन्हाळ्यात करतानाच ब्याडगीचे प्रमाण वाढवून लवंगी मिरची कमी केली, तर रंग राहतो आणि वर्षभराचा झणझणीतपणा आटोक्यात येतो. खर्ड्यासोबत कच्चा कांदा पुष्कळांना बाधतो. शिजवलेला तितका बाधत नाही. चॉकलेट, कॉफी, मद्य आणि फसफसणारी शीतपेये बहुतेकांना त्रासाची ठरतात, आणि थंड वाटणारा पुदिनाही ती कडी सैल करतो, त्यामुळे पुदिन्याच्या गोळ्या चघळून छाती शांत करण्याचा प्रयत्न उलटतो.

चहाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. रिकाम्या पोटी पहिला कप, डेअरीला दूध घालून आल्यावर दुसरा, पाहुणा आला म्हणून तिसरा, असा हिशेब दिवसाअखेर सहा-सातवर जातो. तो एकदम तोडल्यास डोके दुखते. पहिल्या कपाआधी भाकरीचा तुकडा किंवा केळे खावे, मग दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर यावे, आणि संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. तंबाखू, विडी आणि मशेरी यांच्या बाबतीत अशी तडजोड सुचवता येत नाही. निकोटीन त्या कडीला सैल करते, आणि सकाळी तासभर मशेरी लावून बसणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना आपल्या जळजळीचे कारण हेच असू शकते, असे कोणी सांगितलेलेच नसते.

उपवासाच्या दिवशी त्रास का वाढतो, हे वहीवरून लगेच कळते. सकाळपासून फक्त चहा आणि मग दुपारी तुपात परतलेली, दाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर. उपवास सोडावा असे मी म्हणणार नाही. भगर, राजगिऱ्याच्या लाह्या, उकडलेले रताळे आणि केळी थोड्या थोड्या अंतराने खावीत. रोजच्या आहारात शाळूची भाकरी, दुधी, दोडका, घेवडा, पडवळ, मुगाचे वरण, पपई आणि पिकलेले केळे हे सहसा मानवते.

घरगुती उपायांची पारख

जेवणानंतर बडीशेप सावकाश चघळणे चांगले, कारण चघळण्याने लाळ सुटते आणि लाळ अन्ननलिकेतील आम्ल धुऊन नेते व थोडे सौम्यही करते. धने-जिऱ्याचे कोमट पाणी निरुपद्रवी आहे, काहींना त्याने बरे वाटते. ताजे, आंबट न झालेले पातळ ताक दुपारी घेण्यास हरकत नाही. रात्री घेऊ नये. थंड दुधाने तात्काळ आराम पडतो, परंतु दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात, म्हणून झोपताना पेलाभर दूध हा उपाय पुष्कळांच्या बाबतीत मध्यरात्री अंगाशी येतो. आल्याचा लहान तुकडा मळमळीवर चालतो, आल्याचा कडक काढा मात्र स्वतःच जळजळ करतो. आवळ्याने काहींना आराम पडतो आणि काहींना झोंबते. मोरावळ्यात साखर असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

सकाळचे लिंबू-मध पाणी आणि व्हिनेगर या रुग्णांनी बंदच करावे. खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याने मिनिटभरात ढेकर येऊन मोकळे वाटते, पण एका चमच्यात सुमारे 1,260 मिलिग्रॅम सोडियम असते, तेव्हा रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो घेऊ नये आणि इतरांनीही त्याची सवय लावू नये. जेष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम कमी होते. हळदीच्या गावात राहून सांगणे धाडसाचे आहे, तरी हळदीची पूड चमचाभर फाकल्याने काहींच्या पोटात आग पडते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर स्वयंपाकातील हळदीपलीकडे जाऊ नये. दुधीचा कच्चा रस पिण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. दुधी कडू निघाला तर त्या रसाने तीव्र उलट्या आणि रक्तस्रावही होऊ शकतो. दुधीची भाजीच करावी, तीही फोड चाखून.

घशात बोटे घालून 'पित्त काढणे' ही सवय अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यात पिवळे पाणी बाहेर पडल्याचे समाधान मिळते खरे, परंतु जे आम्ल वर येऊ नये म्हणून आपण खटाटोप करतो तेच आपल्या हाताने अन्ननलिकेतून आणि दातांवरून नेले जाते. दातांवरचे कवच झिजण्याचे हे एक ठरलेले कारण आहे. उलटी आपोआप झालीच तर लगेच दात न घासता साध्या पाण्याने चूळ भरावी.

गोळ्या चालू असतील तर

ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल या गटातील गोळी जळजळ झाल्यावर नव्हे, तर खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, अन्यथा तिचा पुरता उपयोग होत नाही. ती दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतल्यास ब जीवनसत्त्वातील बी-12 आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, आणि शाकाहारी माणसाचे बी-12 मुळातच काठावर असते. दीर्घकाळानंतर ती अचानक बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि 'गोळीशिवाय चालतच नाही' असा गैरसमज होतो; डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. पातळ आम्लशामक औषध थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवावे. गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी जठर दुखावते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती कडी सैल पडते, म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती वही सोबत न्यावी. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

सहा ते आठ आठवडे त्रास शांत राहिला, की थांबवलेले पदार्थ एकेक करून परत आणावेत आणि प्रत्येकाला चार दिवस द्यावेत. सुरुवात दुपारच्या वेळेपासून करावी. रात्री नऊला बाधणारे मूठभर भडंग दुपारी चारला, पाठ टेकायला सहा-सात तास शिल्लक असताना, अनेकांना निमूटपणे पचते. ज्या पदार्थाने दोनदा जळजळ केली तो वहीत लाल शाईने लिहून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा एकदा, थोड्या प्रमाणात, तपासून पाहावा.