बटरफ्लाय फिश घरी आणताय? या चुका टाळा

क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याला एखाद्या दुकानात कॉपरबँड (लांब चोचीचा समुद्री बटरफ्लाय फिश) दिसला की हात खिशाकडे जातोच. जरा थांबा. दुकानदाराला म्हणा, "भाऊ, खायला टाकून दाखवा." मासा खाताना दिसला तरच पैसे काढा. रंग झकास असेल, पोहणंही ऐटीत असेल, पण हे मासे घरच्या टाकीत बहुतेक वेळा उपाशी राहून मरतात. माझा पहिला कॉपरबँड तसाच गेला. दिवसभर खडकाच्या फटींत चोच खुपसायचा, मला वाटायचं, चरतोय बिचारा. एक दिवस समोरून पाहिलं तर डोळ्यांच्या मागे, माथ्यावर खळगा पडलेला. तो खळगा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

नवा कॉपरबँड खात नसेल तर कोळणीकडून तिसऱ्या आणा. धुऊन काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग उघडा आणि मांस चिकटलेली अर्धी शिंपली खडकात खोचा. लांब चोचीला फटीतलं खाणं ओळखीचं असतं, त्यामुळे तो टोचायला येतो. सवय लागली की त्याच रिकाम्या शिंपलीत फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भरायचं. उरलेलं दोन तासांत काढा, नाहीतर अमोनिया चढतो. (हात धुतले तरी वास संध्याकाळपर्यंत जात नाही. घरच्यांना आधीच कल्पना द्या.)

शेव्हरॉन, मेयर्स, ऑर्नेट हे बटरफ्लाय फिश फुकट मिळाले तरी नकोत. ते जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळ खातात आणि कठीण प्रवाळ तर आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. पहिल्यांदा पाळत असाल तर ऑरिगा, रकून किंवा क्लाइन्स या जाती बघा. टाकी निदान ४०० लिटरची हवी.

चौपाटीवरून कॅन भरून पाणी आणणारे अजून भेटतात. त्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट मिसळून घनता १.०२५ च्या आसपास ठेवा. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र साधं आरओ पाणीच घाला, कारण मीठ उडत नाही.

तापमान २६ अंशांच्या आसपास हवं. हिवाळ्यात टाकीवर लावलेला पंखा चांगलं काम करतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. जुलैत हवाच ओलीचिंब, पाणी फारसं उडतच नाही, मग पंखा नुसता फिरतो. मुंबईत चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. कॉपरचं औषध द्यायचंच तर तिथेच. मुख्य टाकीत घातलंत तर कोळंबी आणि गोगलगायी मरतील. आणि परावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ दिसली की लगेच इक (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) समजून औषध ओतू नका. ते बहुधा लिम्फोसिस्टिस असतं, विषाणूचा आजार, त्यावर कॉपर चालत नाही. माझ्या ऑरिगाच्या शेपटीवरची गाठ नीट खाणं-पाणी मिळाल्यावर दोनेक महिन्यांत आपसूक गळून पडली.