टॅबलेटवर शंभर टक्के, वहीत मात्र गोंधळ? या चुका टाळा

पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप दिले गेले. ३१९ शाळांच्या अभ्यासात सुमारे १५ महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. दिल्लीत मात्र शाळेबाहेरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं. तिथलं सॉफ्टवेअर मुलाला जेवढं येतं तिथून सुरुवात करायचं, शिवाय ९० मिनिटांच्या तासातला निम्मा वेळ छोट्या गटात शिकवायला माणूस असायचा. पेरूत शिकवण्याची पद्धत जवळपास तशीच राहिली होती.

म्हणजे टॅबलेटवरच्या अभ्यासाच्या ॲपनेही मुलाच्या पातळीपासूनच सुरुवात करायला हवी. पहिली चूक ती पातळी ठरवणाऱ्या सुरुवातीच्या चाचणीतच होते. शेजारी बसलेले आईबाबा न राहवून उत्तर सुचवतात, ॲपला वाटतं मूल पुढे आहे आणि मग रोज डोक्यावरून जाणारे प्रश्न येतात. चाचणी मुलाला एकट्याने देऊ द्या. पाचवीतल्या मुलाला ॲपने दुसरीचं गणित दिलं तर देऊ द्या, तिथूनच पाया भरायचा आहे. नंतर १० पैकी ७-८ उत्तरं बरोबर येत असतील तर पातळी योग्य समजा. सगळीच चटकन येत असतील तर वर सरका.

दुसरी चूक जास्त नुकसान करते: पर्याय दाबत बसणं. ५२ वजा २७ याचं उत्तर मुलाने ३५ दिलं, तर त्याने हातचा न घेता ७ मधून २ वजा केले आहेत. ॲप फक्त 'चूक' म्हणतं, मूल पुढचा पर्याय दाबतं, हिरवी खूण येते. हातचा तसाच राहतो. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही चारांतलं एक बरोबर येतंच. उदाहरण आधी वहीत सोडवायचं, मगच पडद्यावर उत्तर भरायचं. चुकलं तर वहीतली कोणती पायरी चुकली, ते मुलालाच शोधायला लावा. नेमकी चूक कुठे झाली हे सांगणारं, उत्तर टाइप करायला लावणारं ॲप मिळालं तर तेच घ्या.

मध्येच मूल गेमकडे वळत असेल तर दटावत बसू नका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप पिन' शोधा, आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटीतलं 'गाइडेड ॲक्सेस' सुरू करा. एकच ॲप उघडं राहतं.

व्हिडिओ दर चार-पाच मिनिटांनी थांबवा आणि काय कळलं ते पडद्याकडे न बघता सांगायला लावा. धडा मोठा असेल तर कागदावरच वाचू द्या, माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

आठवड्यातून एकदा टॅबलेट बाजूला ठेवून, त्या आठवड्यातली पाच उदाहरणं कोऱ्या कागदावर द्या, पर्याय न देता. चार सुटली तर पुढे जा. दोन-तीनच सुटली तर ॲपमध्ये एक पातळी खाली या.