उमेदवाराच्या खासगी वर्तनावरील आरोप कसे तपासावेत : सीमाभागातील मतदारासाठी

बेळगाव जिल्ह्यातील मतदाराला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटक विधानसभेचे कामकाज चालू असताना मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या आरोपावरून राज्याच्या तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. त्यांपैकी लक्ष्मण सवदी हे अथणीचे आमदार होते आणि पुढच्याच वर्षी अथणीकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. मार्च २०२१ मध्ये गोकाकचे आमदार व तत्कालीन जलसंपदा मंत्री रमेश जारकीहोळी यांनी, एका महिलेसोबतची कथित चित्रफीत दूरचित्रवाणीवर झळकल्यानंतर, मंत्रिपद सोडले. त्यांनी आरोप नाकारला, त्या प्रकरणात त्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही, आणि २०२३ मध्ये गोकाकच्या मतदारांनी त्यांनाच कौल दिला. या निकालांवरून ‘लोकांना असल्या गोष्टींचे काही वाटत नाही’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. मतदाराच्या हातात आरोपाची शहानिशा करण्याची पद्धतच नसेल, तर तो जात, भाषा, पक्ष आणि आपले अडलेले काम यांवरच मत देणार. पुढील विवेचन त्या पद्धतीविषयी आहे.

आधी प्रकरणाचे स्वरूप ओळखावे

एकच गोष्ट सर्वांत आधी विचारावी: ज्या व्यक्तीशी हे वर्तन घडले, तिला नकार देणे शक्य होते का? दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध, मग तो विवाहबाह्य का असेना, आता गुन्हा नाही. व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला सज्ञान व्यक्तींमधील समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. अशा संबंधाचा जाब विचारण्याचा अधिकार उमेदवाराच्या पत्नीला किंवा पतीला आहे. मतदाराने त्यात नाक खुपसू नये, असे माझे मत आहे. अपवाद एवढाच की तो संबंध टिकवण्यासाठी किंवा झाकण्यासाठी सरकारी पैसा, पोलीस, बदल्या किंवा कंत्राटे वापरली गेली असतील, तर त्या वापराचा हिशेब मतदाराने मागितलाच पाहिजे.

मात्र ‘राजीखुशीने’ हे आपल्या भागात सहज गृहीत धरता येत नाही. येथील पुढाऱ्याची सत्ता विधानसौधापुरती नसते. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ, शिक्षण संस्था, कधी दवाखाना, यांपैकी दोन-तीन तरी त्याच्या किंवा त्याच्या घराण्याच्या हातात असतात. तेथे नोकरी करणारी शिक्षिका, कर्जासाठी फेऱ्या मारणारी विधवा, पक्षाच्या महिला आघाडीत तिकिटाची वाट पाहणारी कार्यकर्ती किंवा त्याच्या फार्महाऊसवर राबणारी मोलकरीण, यांच्यापैकी कोणीही ‘हो’ म्हटले तरी त्या होकाराला किती अर्थ आहे हे विचारावे लागते. यल्लम्माचे सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मुलींना देवदासी म्हणून देवाला सोडण्यास बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ इतका अलीकडचा आहे. बाईची संमती इतरांनी परस्पर ठरवून टाकण्याची सवय या मातीत किती खोल होती, हे आपल्याला बाहेरच्यांनी सांगायला नको.

घरातली मारहाण आणि छळ यांना मात्र ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून बाजूला सारू नये. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ मध्ये ज्या गुन्ह्यांत शिक्षा होताच अपात्रता येते, त्यांत बलात्काराबरोबर कलम ४९८अ, म्हणजे विवाहितेचा सासरी होणारा छळ, हेही नाव घेऊन घातलेले आहे. असा छळ लोकप्रतिनिधीच्या बाबतीत खासगी उरत नाही, हे संसदेनेच मान्य केलेले आहे.

शपथपत्र वाचावे, पण त्यावर विसंबू नये

प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र जोडणे बंधनकारक आहे. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि उमेदवाराचे नाव निवडून कोणालाही विनाशुल्क पाहता येते. त्यातील मालमत्तेच्या पानांवर बहुतेकांची नजर जाते. आपण गुन्ह्यांचा तक्ता शोधावा. एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणे, लावलेली कलमे, न्यायालयाचे नाव आणि आरोप निश्चित झाले आहेत की नाहीत, एवढे सर्व तेथे लिहिलेले असते. जुन्या भारतीय दंड संहितेतील ३५४ ची उपकलमे विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग यांची आहेत, ३७६ ची बलात्काराची. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमे असतात. मुलाचा किंवा मुलीचा प्रश्न असेल तर पोक्सो, २०१२ (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) चा उल्लेख सापडतो. ‘आरोप निश्चित’ झाले असतील तर न्यायाधीशाने कागदपत्रे पाहून खटला चालवण्याइतका आधार मान्य केला आहे, असा त्याचा अर्थ होतो. नुसत्या एफआयआरपेक्षा याचे वजन बरेच अधिक धरावे.

आपल्याकडे अडचण भाषेची आहे. शपथपत्रे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या ज्येष्ठ मतदाराला ती वाचता येत नाहीत. गल्लीतील तरुण मंडळाने आपल्या मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराचा गुन्ह्यांचा तक्ता मराठीत उतरवून मंडळाच्या फलकावर लावला, तर ते मोठे काम होईल. पथ्य एकच: सर्व उमेदवारांचा लावावा, नुसत्या विरोधकाचा नव्हे, आणि जेवढे शपथपत्रात आहे तेवढेच, स्वतःचा शेरा न मारता लावावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रांतून जाहीर करावी लागते. फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने पक्षालाही, अशा माणसाला तिकीट का दिले आणि निष्कलंक उमेदवार का सापडला नाही, याची कारणे प्रसिद्ध करावी लागतात. ही कारणे शोधून वाचावीत. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण पुरेसे नाही असे न्यायालयाने बजावले आहे.

तरीही कागदाची मर्यादा कर्नाटकातीलच हासन मतदारसंघाने दाखवून दिली. तेथे २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. त्याआधीच तत्कालीन खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्यासंबंधीच्या चित्रफितींचे पेन ड्राइव्ह लोकांच्या हाती पडले होते, पण पहिला गुन्हा नोंद झाला २८ एप्रिलला. म्हणजे मतदानाच्या दिवशी शपथपत्रात यातले काहीच असणे शक्य नव्हते. बेळगाव आणि चिक्कोडीचे मतदान ७ मे रोजी होते, त्यामुळे आपण ऐन गदारोळात मत दिले. हासनमध्ये त्यांचा पराभव झाला, ३१ मे रोजी त्यांना अटक झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने घरकाम करणाऱ्या एका महिलेवरील बलात्काराच्या खटल्यात त्यांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. तक्रारदार बाई सत्तेपुढे टिकेपर्यंत कागद कोराच राहतो, हे लक्षात ठेवून शपथपत्र वाचावे.

व्हॉट्सअॅपवर आलेली चित्रफीत

ती पुढे पाठवू नये. त्या पेन ड्राइव्हमधील स्त्रियांचे चेहरे झाकलेले नव्हते. गावोगावी त्या ओळखल्या जाण्याची भीती होती, आणि हा दुसरा अत्याचार विरोधकांच्या प्रचाराच्या उत्साहात झाला. पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अश्लील मजकूर प्रसारित करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ‘लोकांना कळावे म्हणून पाठवले’ हा बचाव गल्लीच्या कट्ट्यावर चालेल, पोलीस ठाण्यात चालणार नाही.

चित्रफीत खरी आहे की बनावट, हे मोबाइलच्या पडद्यावर ठरत नाही. आता चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. त्याऐवजी तीन गोष्टींकडे पाहावे: कोणा व्यक्तीने स्वतःच्या नावानिशी पोलिसांकडे किंवा न्यायाधीशापुढे जबाब दिला आहे का, आरोप एकीचा आहे की परस्परांना न ओळखणाऱ्या अनेकींचा, आणि आरोपानंतर उमेदवाराने काय केले. तो चौकशीला सामोरा गेला, की तक्रारदाराच्या घरी माणसे पाठवली? मार्च २०२१ मध्ये गोकाक प्रकरणानंतर राज्यातील सहा मंत्र्यांनी आपल्याविषयी बदनामीकारक काही प्रसिद्ध होऊ नये म्हणून बंगळुरूच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला होता. न्यायालयात जाणे हा त्यांचा हक्कच होता, पण त्याचा काय अर्थ लावायचा हा हक्क मतदाराचाही आहे.

खोट्या आरोपाची बाजूही कायद्याने पाहिली आहे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. आदर्श आचारसंहिताही, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नका, असे पक्षांना सांगते. स्त्री उमेदवाराच्या बाबतीत हा नियम सर्वांत आधी मोडला जातो. राज्याच्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि पुरुष सदस्याच्या रात्रीच्या बैठकांची कोणी दखल घेत नाही, तिथे बाई सदस्य कोणाच्या गाडीतून तालुक्याला गेली याची चर्चा होते. तीच गोष्ट पुरुषाने केली असती तर तिला आरोप म्हटले असते का, एवढे तपासले की अशा अफवांतील बहुतेक भाग गळून पडतो.

आपल्या माणसाचे काय करायचे

सीमाभागातील मराठी मतदाराची खरी परीक्षा येथे आहे. सीमाप्रश्नावर मत देताना आपण माणसापेक्षा लढ्याला मत देतो, आणि त्यात काही चूक नाही. पण त्यामुळे आपल्या बाजूच्या पुढाऱ्यावर आरोप आला की ‘कन्नड माध्यमांचा डाव’ आणि समोरच्यावर आला की ‘पुरावा कशाला हवा’ असे दोन मापांनी मोजले जाते. आरोप करणारी बाई बहुधा मराठीच असेल, त्याच गल्लीतली, कदाचित मोर्चात आपल्या शेजारी चाललेली. चळवळीला बट्टा लागेल म्हणून तिने गप्प बसावे, असे पंच मंडळींनी तिच्या वडिलांना सांगितले, तर तो लढा तिचा राहिला का? प्रकरण वाचताना उमेदवाराचे नाव, पक्ष आणि भाषा झाकून तपशील दुसऱ्याला वाचून दाखवावा, त्याचे मत घ्यावे, आणि मग नाव सांगावे. नाव कळल्यावर मत बदलले, तर ते कशामुळे बदलले हे दोघांनाही कळते.

मतदानाच्या दिवशी उपाय थोडे आहेत. ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांत सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, त्यामुळे संतापाची नोंद एवढाच त्याचा उपयोग आहे. खरा दबाव तिकीट ठरण्याआधी आणणे शक्य आहे, आणि तो पुढाऱ्याच्या संस्थांतून आणता येतो. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, आणि किती तक्रारी आल्या व निकाली निघाल्या ते वार्षिक अहवालात छापले पाहिजे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तेथेच दाद मागता येते. आपण त्याच्या कारखान्याचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून अहवालातील ते पान कोठे आहे आणि समितीवर कोण आहेत, हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा.