‘घरचीच माणसं, विचारायचं काय?’ : विज्ञान प्रकल्पात या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी निपाणी भागातल्या एका विद्यार्थिनीनं गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायकांचं बीपी मोजायचा प्रकल्प घेतला. मार्गदर्शक मीच. बॅटरीवरचं मशीन, चौकटी आखलेली वही, सगळी तयारी झकास. चौथ्या घरात मशीननं 182/106 दाखवलं. पोरगी घाबरली, “मावशी, लई वाढलंय हो तुमचं” म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. त्या मावशी रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी त्यांचा मुलगा माझ्या दारात उभा. “सर, बरोबर डॉक्टर होता का कोण?” नव्हता. लेखी परवानगी? तीही नव्हती. गल्लीतलीच माणसं, त्यांना काय विचारायचं, असं त्या पोरीला वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

पुढं परीक्षक म्हणून बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची बरीच प्रदर्शनं पाहिली. माणसांवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रकल्पांत चुका बहुतेक याच समजुतीतून होतात. आजी आपली, धाकटा भाऊ आपला, गोठ्यातलं वासरू आपलं, तळ्यातले मासे तर कुणाचेच नाहीत.

आधी मोजणी, मग सह्या

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. फाईलमध्ये चाळीस संमतीपत्रं, सगळी एकाच पेनानं भरलेली, सगळ्यांवर प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची तारीख. मोजणी मात्र तीन आठवडे आधीची. सही हा फाईल जाड करायचा कागद नव्हे. समोरच्याला ‘नको’ म्हणायची संधी मोजणीच्या आधी मिळाली होती, याचा तो पुरावा असतो.

आयरिस या राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेतून मुलं अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेला जातात. तिथला नियम सरळ आहे: माणसांवरचा प्रकल्प सुरू होण्यापूर्वी किमान तीन जणांच्या समितीनं तो तपासायचा. एक शिक्षक, एक शाळेच्या प्रशासनातला आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला. प्रकल्पाचा मार्गदर्शक त्या समितीत बसू शकत नाही, मुलाचे आईवडीलही नाहीत. मी पाहिलेल्या तालुका प्रदर्शनांत हे कुणी मागितलं नाही. तरी मुख्याध्यापक, दुसऱ्या विषयाचे एक सर आणि ओळखीचे एक डॉक्टर यांना तासभर एकत्र बसवणं कुठल्याही हायस्कूलला जड नाही. आमच्या मावशींच्या वेळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला असता: आकडा जास्त आला तर पोरगी काय बोलणार? आता मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो. “हे मशीन शाळेचं आहे, यावरून आजार ठरत नाही, पण सरकारी दवाखान्यात एकदा दाखवून घ्या.” आकडा फारच जास्त असेल, तर त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं आणि मलाही. निदान करायचं नाही, गोळ्या सुचवायच्या नाहीत.

आणि मोजणी आधीच होऊन गेली असेल तर? मागची तारीख घालू नका. ते आकडे बाजूला ठेवा, परवानगी घ्या आणि नव्यानं मोजा. वेळच उरला नसेल तर विषय थोडा वळवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत बेळगाव जिल्ह्याचे रक्तदाबाचे आकडे खुले आहेत. त्यांचा आलेख काढून शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करा. प्रकल्प होतो, आणि चांगला होतो.

कागद कुठल्या भाषेत?

ही अडचण खास आपल्या भागातली. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची, नेटवरून उतरवलेलं संमतीपत्र इंग्रजी, आणि सही करणारी आजी मराठी बोलणारी, बऱ्याचदा न वाचणारी. गेल्याच वर्षी एका फाईलमध्ये इंग्रजी फॉर्मवर अठरा अंगठे पाहिले. मुलाला विचारलं, आजीला काय सांगितलंस? “शाळेचं आहे म्हणालो, सर.”

आपल्याकडं अंगठा म्हटलं की सोसायटीचं कर्ज नाहीतर जमिनीची वाटणी आठवते. “ह्यो कर्जाचा कागद तर न्हवं?” हा प्रश्न मी स्वतः ऐकलाय. त्यामुळं अंगठा घाईनं मिळाला तर खूश होऊ नका. एक तर माणूस घाबरलाय, नाहीतर नातवावर फारच विश्वास टाकलाय.

दुसरी खोड मराठी कागदातच असते. “सदर संशोधन प्रकल्पात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही.” हे आजीला वाचून दाखवलं तरी तिच्या पदरात काय पडणार? बोलल्यासारखं लिहा:

“मी नववीत शिकतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी तुमचं बीपी तीनदा मोजणार आहे. दंडाला पट्टा थोडा आवळेल, सुई टोचणार नाही. तुमचं नाव कुठंही लिहिणार नाही. नको असेल तर नको म्हणा, मधेच थांबवलं तरी चालेल. याचे पैसे मिळणार नाहीत आणि द्यायचेही नाहीत.”

समोरचा कन्नड बोलणारा असेल तर हेच कन्नडमध्ये. वाचता न येणाऱ्यासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठ्याशेजारी वाचता येणाऱ्या एका साक्षीदाराची सही घ्यायची, तो प्रकल्पातला नको. नंतर आजीलाच विचारा, “मी काय करणार आहे, सांगा बघू.” तिनं सांगितलं तर संमती झाली. “तू म्हणशील ते” म्हणाली तर अजून झालेली नाही.

मुलांच्या बाबतीत दोन होकार लागतात, पालकांचा आणि मुलाचा स्वतःचा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं सात वर्षांच्या पुढच्या मुलांचा होकार तोंडी घ्यायचा, बारा ते अठरा वयात लेखी. वर्गात उभं राहून “कोण कोण भाग घेणार?” विचारणं हे विचारणं नव्हेच, सरांसमोर हात कोण खाली ठेवेल? चिठ्ठ्या घरी द्या, दुसऱ्या दिवशी खोक्यात टाकायला सांगा, कोऱ्या आल्या तर कोऱ्या.

नाव झाकलं, माणूस उघडा

तक्त्यावर नाव नाही, पण लिहिलंय: ‘वय 42, विधवा, दोन मुली, विडी कामगार, तंबाखूची मिस्री लावते.’ अख्ख्या गल्लीला कळलं कोण ते. छोट्या गावात माणसंच थोडी असली की नाव झाकून उपयोग नसतो. वय गटात लिहा, 40 ते 50. जो तपशील प्रश्नाच्या उत्तराला लागत नाही तो विचारूच नका. दारू, मिस्री, मनावरचा ताण असले प्रश्न असतील तर विनानावाच्या चिठ्ठीवर. आणि फोटो? चेहरा ओळखू येईल असा फोटो दाखवायला वेगळी लेखी परवानगी लागते. मोजताना दिलेला होकार तिथं चालत नाही.

काढ्याचं थोडक्यात सांगतो. कारल्याचा रस शेजाऱ्यांना पंधरा दिवस पाजून साखर मोजायची, हा प्रकल्प दरवर्षी कुणीतरी आणतंच. नको. ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याची साखर रसानं अचानक उतरली तर जबाबदार कोण? बोटाला सुई टोचणंही मुलांचं काम नव्हे. वनस्पतींचाच नाद असेल तर बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची संस्था आहे. तिथल्या कुणा शास्त्रज्ञाशी बोलून माणसाविना होणारा प्रयोग ठरवा.

मासे, भैकेर आणि वटवाघळं

“सर, प्राणी नाहीत, मासे आहेत.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. गप्पी मासा पाठीच्या कण्याचा प्राणी आहे. आयसेफच्या नियमात भैकेर, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लंसुद्धा त्यातच येतात. जूनमध्ये शहापूर-वडगावकडच्या भाताच्या खाचरात पाणी साचलं की मुलं बाटल्या भरून भैकेर आणतात, एका बाटलीत युरिया, दुसरीत कीटकनाशक, आणि कुठली आधी मरतात ते घड्याळ लावून बघतात. मरण हेच ज्याचं मोजमाप आहे असा प्रयोग आयसेफमध्ये चालत नाही, आणि तो इथं तरी का चालावा? तोच प्रश्न मेथीच्या किंवा मुगाच्या बियांवर विचारता येतो: पाण्यात युरिया वाढला तर किती बिया रुजतात, मूळ किती मिलिमीटर वाढतं. रोज फूटपट्टी लावा, आलेख सुरेख येतो.

पाळीव जनावराचं खाणं बदलणार असाल तर आधी पशुवैद्य. वजन नोंदवा, आयसेफमध्ये 15 टक्क्यांपर्यंत घट झाली की प्रयोग थांबवायचा असतो. जनावर आजारी पडलं किंवा मेलं तर वहीत तसंच लिहा. मागच्या पानावरचा आकडा खोडून दुसरं जनावर घुसवलेलं परीक्षकाला कळतं, शाई वेगळी असते.

रानातलं काहीही उचलून आणू नका. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय गुहेत शिरणं म्हणजे प्रकल्प सोडून खटला. गावातल्या वडावर मोठी वटवाघळं असतात ना, अंगणात खुर्ची टाकून बसा. सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी पहिलं उडतं, पाऊस असला की किती उशिरा, महिनाभर लिहा. त्याला ना संमतीपत्र लागतं ना पिंजरा, फक्त डासांचं मलम घेऊन बसा.